भट्टीचे चौदा

मुंजाजीने विडी सोडली असं गावात कुणाला सांगितलं असतं, तर त्याने आधी पोटभर हसून घेतलं असतं आणि मग काडेपेटी पुढे केली असती. याला कारण मुंजाजीच होता. लग्नात त्याने विडी सोडली होती. म्हातारा बाप खोकून खोकून गेला तेव्हा सोडली होती. एकदा तर नारायणगडाच्या जत्रेत देवापुढे हात जोडून, बायको भामाबाई आणि सहा वर्षांची ऋतुजा या दोघींच्या देखत सोडली होती, आणि परतीच्या वाटेवर जीप पंक्चर झाली तेव्हा जीपच्या मागे जाऊन ओढली होती. ऋतुजाने रेवड्यांचा पुडा हातात धरून जीपमागून वर जाणारा धूर पाहिला. त्या दिवसापासून बाप काहीही बोलला, उद्या दप्तर आणतो म्हणाला किंवा परवा मामाच्या गावाला नेतो म्हणाला, की ती आधी थोडा वेळ नुसती त्याच्याकडे बघायची. ते बघणं मुंजाजीला आजवर कुणाच्या शिवीगाळीने लागलं नाही एवढं लागायचं.

ती ऋतुजा आता सव्वीस वर्षांची होती. घाटनांदूरला दिली होती, आणि तिथूनच एका संशोधनाच्या कामाला लागली होती. काम असं, की विडी-सिगारेट ओढणारी माणसं गोळा करायची आणि त्यांच्यावर दोन उपाय करून बघायचे. काहींना दंडावर चिकटवायची पट्टी द्यायची, काहींना चघळायचा गम. दोन्हींत तंबाखूतलंच ते औषध थोडं थोडं असतं, म्हणजे अंगाला विडीची हाक ऐकू येत नाही आणि धूर पोटात जात नाही. कुणाला काय मिळायचं ते बंद पाकिटातून निघायचं. बारा आठवडे चालायचं, आणि दर शनिवारी समाजमंदिरात एका हातात मावणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं. मशीन धुरातला वायू श्वासातून ओळखायचं. आकडा आठाच्या खाली आला तर माणूस सुटला, वर गेला तर ओढतोय.

माणसं काही मिळेनात. विडी सोडायला कोण तयार होतो? शेवटी ऋतुजा माहेरी येऊन ओट्यावर बसली.

"आबा, तुमचं नाव घालते. पन ह्या वेळी माझ्या नावावर चाललंय हे. बारा माणसं मी आनायची हायेत. आमच्या डॉक्टर मॅडमपुढं मला तोंडघशी पाडू नका."

मुंजाजी म्हणाला, "घाल. ह्या वेळी सोडतो."

ऋतुजा थोडा वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने फॉर्म काढला.

नाव, वय अठ्ठावन्न, विडी चाळीस वर्षं, रोज एक बंडल. इथपर्यंत तिने विचारून लिहिलं. धंद्याच्या रकान्यात मात्र तिने न विचारताच 'दुग्धव्यवसाय' असं लिहून टाकलं. लग्नाच्या बायोडाट्यात तसं छापलं होतं आणि सासरी अजून तेच चालत होतं. अगदीच खोटं म्हणता येणार नाही, दूध होतंच. फक्त ते वीरभद्रअप्पांचं होतं, आणि मुंजाजी अप्पांच्या खव्याच्या भट्टीवर रोजंदारीने बसून ते आटवायचा. पहाटेपासून दुपारपर्यंत येड्या बाभळीची लाकडं सारायची आणि लोखंडी उलथनं कढईत फिरवत राहायचं, हे त्याचं वीस वर्षांचं काम. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी भिंत, आणि धुराला जायला वाट म्हणाल तर माणसाचं नाक.

पुढचा प्रश्न होता, 'कामाच्या ठिकाणी धूर असतो का?' दुग्धव्यवसायात कुठला धूर? ऋतुजाने 'नाही'वर टिक केली.

"आन आबा, शनिवारी येताना आंघोळ करून, पांढरा सदरा घालून या. त्या काजळीच्या अवतारात येऊ नका. मॅडम असतात तिथं."

"बरं."

मुंजाजीच्या पाकिटातून पट्टी निघाली. गावातल्या रामच्या पाकिटातून गम निघाला. राम हा टमटमवाला, दिवसाला दोन बंडलं ओढणारा, आणि ऋतुजाच्या बारा माणसांतला दुसरा.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी फुंकलं तेव्हा मुंजाजीचा आकडा आला सव्वीस. संशोधनाच्या डॉक्टर प्रणिता मॅडम लातूरकडच्या होत्या आणि सगळ्यांशी अहो-जाहो बोलायच्या. त्या म्हणाल्या, "काका, हा सव्वीस आपल्याला खाली आणायचाय."

मुंजाजीने आणायचं ठरवलं. आणि या वेळी, मी सांगतो म्हणून विश्वास ठेवा, त्याने खरंच सोडली.

सोपं नव्हतं. भट्टीच्या घामाने पट्टी निसटायची, तर त्याने जुन्या धोतराची चिंधी फाडून दंडाला बांधली. पट्टीने रात्री भलभलती स्वप्नं पडायची. मेलेला म्हातारा उशाशी येऊन काडी मागायचा. पण सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे पहिली कढई उतरल्यावरची. चाळीस वर्षं त्या वेळेला हात आपोआप खिशात गेलेला, आता खिशात फुटाणे. शेजारच्या कढईवर बबिता बसायची. विधवा बाई, तोंडाची फाटकी, पण कामाला वाघीण. ती पहिल्या आठवड्यात हसायची.

"काय ओ मुंजाजीभाऊ, घोड्यावानी फुटाने खाऊ लागलाव?"

दुसऱ्या आठवड्यापासून ती हसायची थांबली. मुंजाजीचे हात थरथरतात, डोळे लाल होतात, लाकूड सारताना तो उगीच लाकडावर डाफरतो, हे ती शेजारी बसून रोज बघत होती. तिने घरून गुळाचा खडा आणून द्यायला सुरुवात केली. देताना शिवी घालायची, पण द्यायची.

शनिवार आला. मुंजाजीने निम्म्यातून कढई बबिताला सांभाळायला दिली, घरी जाऊन आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि समाजमंदिरात गेला. छाती भरून श्वास घेतला, मशीन सांगेल तेवढा धरला आणि फुंकला.

पंधरा.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "सव्वीसवरून पंधरा. कमी केलीत. आता बंद करा."

"बंदच केली, मॅडम."

मॅडम हसल्या. रागाने नाही, अशा उत्तराची सवय असलेलं माणूस हसतं तसं. ऋतुजाने आकडा लिहिला, मान वर न करता.

पुढच्या शनिवारी चौदा. मॅडमनी विचारलं, "काका, घरी चूल आहे का?"

"न्हाई मॅडम, गॅस हाय. पोरीनंच घेऊन दिलाय." हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल, माझ्याही आलं असतं. पण त्या खोलीत ते कुणाच्याच आलं नाही. मॅडमपुढे कागदावर दुग्धव्यवसाय होता आणि खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातला न्हालेला माणूस. ऋतुजाने जे स्वतःच्या हाताने झाकलं होतं ते तिला आता दिसत नव्हतं. आणि मुंजाजी? त्याला सांगितलं होतं की मशीन विडी ओळखतं. भट्टीचा धूर हा त्याच्या लेखी धूरच नव्हता, ते काम होतं. धूर म्हणजे मौजेचा, पैसे देऊन ओढलेला. त्याला वाटलं, चाळीस वर्षांच्या विड्या आत थर देऊन बसल्या असतील, त्या हळूहळू निघत असतील. तो रात्री अंगणात बसून जोरजोराने श्वास सोडायचा. भामाबाई विचारायची, "कावून असं करू लागलाव?" तर म्हणायचा, "आतलं भायेर काढू लागलोय."

चौथ्या आठवड्यात अप्पांची चुलती वारली आणि भट्टी तीन दिवस बंद राहिली. त्या शनिवारी मुंजाजीने फुंकलं तर आकडा तीन. मॅडमनी टाळी वाजवली. ऋतुजाने मान वर केली, आणि सहा वर्षांची असताना नारायणगडावर रेवड्या मिळाल्यावर हसली होती तशी हसली. मुंजाजीला त्या क्षणी कुणी गावची पाटीलकी दिली असती तरी नको झाली असती. घरी येऊन त्याने भामाबाईला तीन बोटं दाखवली.

पुढच्या शनिवारी पुन्हा चौदा.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मनात आणलं तर तुम्हाला जमतं, हे आपण पाहिलं. मग परत का सुरू केलीत?"

"सुरू न्हाई केली. आईशप्पथ न्हाई केली."

खोलीतली माणसं गालात हसली. राम तर उघडच हसला. रामचा आकडा होता पाच. बाहेर आल्यावर रामने मुंजाजीच्या खांद्यावर हात टाकला.

"लई भोळा हायेस बे तू. मला इच्यारायचं तरी. शुक्रवारची सांज झाली की काडी लावायची न्हाई. शनिवारी फुकलं की झालं, समाजमंदिराच्या मागं जाऊन दोन मारायच्या. गम पोराला देतो मी, त्येला आवडतोय."

"मी ओढतच न्हाई, राम."

"बरं बरं," राम म्हणाला, आणि डोळा मारला.

यापुढचा आठवडा मुंजाजीने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. भामाबाई पोरीला फोनवर म्हणाली, "अगं, खरंच वढत न्हाईत, मी बघते न्हवं." पण भामाबाईने आयुष्यभर नवऱ्याची विडी झाकलेली, पदराखालून बंडलं आणून दिलेली. तिची साक्ष कोण धरणार? ऋतुजा म्हणाली, "आई, तू तर बोलूच नको."

सहाव्या आठवड्यात आकडा तेरा. त्यांचा नियम असा, की एकदा सुटलेला माणूस सलग दोनदा वर गेला की त्याच्यापुढे 'पुन्हा सुरू' असं लिहायचं आणि पट्ट्या थांबवायच्या. मॅडमनी समजावून सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या. मुंजाजी खुर्चीतून उठेना. तो पोरीकडे बघत होता.

"ऋतू, तू तरी सांग गं मॅडमला. तुझ्या नावावर घेतलंतंस मला. तुझ्यासाठी सोडली मी."

ऋतुजाचा चेहरा लालबुंद झाला. बारा जणांत नापास झालेला पहिला माणूस तिचा स्वतःचा बाप होता, आणि तो सगळ्यांसमोर गयावया करत होता.

"आबा, बास," ती म्हणाली. "नारायनगडावर देवासमोर खोटं बोललात. आईला आयुष्यभर खोटं बोललात. आता मशीनसमोर तरी नका बोलू. मशीनला तुमचं काय वाकडं करायचंय?"

मुंजाजी उठला. पांढरा सदरा त्याने तिथेच दारात काढला, खांद्यावर टाकला आणि बनियनवर भट्टीवर गेला. दंडावरची चिंधी सोडली, पट्टी उपटली आणि भट्टीत टाकली. बबिता म्हणाली, "काय झालं?" त्याने उलथनं उचललं.

दोन दिवस त्याने तशीच कळ काढली, पट्टीवाचून. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी पहिली कढई उतरल्यावर तो चालत टपरीवर गेला आणि बंडल घेतलं. लाकडांच्या ढिगावर बसून त्याने काडी लावली. इतक्या दिवसांनी ओढलेली विडी, पण गोड लागली असं काही नाही. कडूच लागली. तरी त्याने ती दोऱ्यापर्यंत ओढली आणि दुसरी काढली.

बबिता कढई सोडून ढिगापाशी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सा हप्ते माझ्या शेजारी बसून तरफडलाव तुमी. गूळ घातला मी तुमाला. आन आता?"

"आता काय? पोरगी म्हन्ते ओढतोस. मशीन म्हन्तंय ओढतोस. गाव म्हन्तंय. मग एकट्यानं कावून न ओढायचं?"

बबिताने त्याला एक सणसणीत शिवी दिली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

शनिवारी निम्म्या कामातून बबिता उठली. "कढई बघा माझी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मुंजाजीला वाटलं, बाजारला गेली असेल. दोन कढया एकट्याने सांभाळत त्याने पाऊण तास काढला. दूध जरा बसलं तेव्हा ढिगावर टेकून त्याने एक विडी ओढली, मग आणखी एक. सकाळपासूनची ही सातवी की आठवी.

तिसरी पेटवली आणि स्कूटीचा आवाज आला. चाळीस वर्षांची सवय. हात डोक्याच्या आधी चालला. विडी राखेत गेली, राखेवर लाकूड गेलं.

स्कूटीवर ऋतुजा होती, आणि मागे बबिता, काजळीने भरलेल्या तोंडाने, डोक्याला बांधलेलं फडकंही न सोडता. लग्न झाल्यापासून ऋतुजा भट्टीवर पहिल्यांदाच येत होती. छपराखाली पाय टाकताच तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातलं धुराचं किती हे तिलाही कळलं नसतं.

"आबा," ती म्हणाली. "बबिताकाकू समाजमंदिरात आल्त्या. अशाच, ह्याच अवतारात. म्हनल्या, मला फुकू द्या. सगळे हसले. मॅडम म्हनल्या, तुमी ओढता का? तर काकू म्हनल्या, बापजन्मी न्हाई, मुंजाजीच्या शेजारी बसते फक्त. आन फुकल्या."

"किती आलं?" मुंजाजीने विचारलं.

"चौदा."

कढईत दूध रटरटत होतं. कुणी हलवत नव्हतं.

"मॅडमनी मला इच्यारलं, फॉर्मवर धूर न्हाई असं कुनी लिहिलं? मी लिहिलं आबा. भट्टी म्हनायची लाज वाटली मला. सदरा घालून या म्हनले." तिने खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला; हात राखेत पडला, तो तिने तसाच राहू दिला. "तुमी खरं बोलत होताव. आयुष्यात एकदा खरं बोललाव, आन मी तवाच..."

बबिता आपल्या कढईपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिने मुंजाजीचं आताचं काहीच सांगितलं नव्हतं. तेवढं तिने त्याच्यावर सोडलं होतं.

"मॅडम म्हन्ल्या, नाव परत घालू. पट्ट्या आणल्यात मी, ह्या बघा. आता तुमी कामाला यायच्या आदी सकाळी फुकायचं, भट्टीचा धूर अंगात नसताना." तिने डोळे पुसले. काजळीचा पट्टा गालावर उमटला. "खरं तर मला तर आता मशीनची बी गरज न्हाई, आबा. तुमी म्हनाल ते खरं."

आणि ती त्याच्याकडे बघत होती. आधी थोडा वेळ नुसतं बघणं नव्हतं ते. सरळ विश्वास होता, वीस वर्षं त्याला हवा होता तसा. मुंजाजीने फक्त मान हलवायची होती. सकाळची परीक्षा? आदल्या सांजेपासून पहाटे भट्टीवर येईपर्यंत काडी लावायची नाही, एवढंच; रामने शिकवलेलंच होतं. पुढे जन्मभर भट्टीच्या आडून ओढली असती तरी पोरीने संशय घेतला नसता. इतकं सोयीचं खोटं त्याला आजवर कधी मिळालं नव्हतं. फक्त आठवडाभर आधी हेच डोळे असे असते तर ते खोटं नसतं. याचा त्याला संताप आला.

"मशीन आनलंस का?"

"डिक्कीत हाय. पन कशाला?"

"काढ."

"आबा, मी म्हनले ना, मला—"

"काढ म्हनलं ना!"

ती घाबरून गेली आणि घेऊन आली. नवी नळी लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मुंजाजीने छाती भरून श्वास घेतला, मशीन सांगेल तेवढा धरला, आणि पोरीच्या डोळ्यांत बघत फुंकला. आकडा चढायला लागला. चौदावर थांबला नाही. वीसवरही नाही. ऋतुजाने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिची नजर खाली गेली. लाकडाखालच्या राखेतून एक बारीक धूर वर येत होता.

एकोणतीस.

"ह्यातले चौदा भट्टीचे," मुंजाजी म्हणाला. "राहिलेले तुझे."

आणि दूध लागायला आलं होतं म्हणून तो उलथनं घेऊन कढईकडे वळला.